त्याने मारलेली उडी

सिनेमात माझं मुख्य काम पडून राहण्याचं होतं. लोकांना वाटतं, मारामारीचं. पण मारामारी दोन मिनिटांत संपते आणि त्यानंतर मेलेल्या माणसाला पडूनच राहावं लागतं, कारण नायकाचं बोलणं अजून संपलेलं नसतं. धुळीत, वाळलेल्या गवतात, गोदामाच्या फरशीवर, एकदा तर मिठाच्या ढिगावर मी असा पडून राहिलो आहे. डोळे मिटलेले असले की सेटवरचं सगळं फार स्वच्छ ऐकू येतं. लाइटवाले दुपारच्या डब्याबद्दल बोलत असतात. कुणीतरी खुर्ची ओढतं. रिफ्लेक्टरचा उजेड पापण्यांवरून सरकतो आणि आत सगळं केशरी होऊन जातं. त्या केशरी उजेडात मला आमचा झेंडूचा मळा दिसायचा.

मळा मखमलाबादच्या वाटेवर होता. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेने थोडी मेथी-कोथिंबीर. फुलं तोडून वडील सायकलवरून पंचवटीत विकायला नेत. मी पडद्यावर पहिल्यांदा कुणाचा तरी गळा दाबला, तेव्हा सिनेमा पाहून घरी आल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले. "याच हातांनी शेवंती तोडतो ना रे तू?" एवढंच म्हणाले.

सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात मी हिंदी-मराठीत बरंच काम केलं. शेटचा उजवा हात, पाटलाचा गडी, दरोडेखोरांच्या टोळीतला मिशीवाला, तुरुंगातला दादा. पुढे टीव्हीवर मालिका सुरू झाल्या आणि मी जमादार, जेलर झालो. माझं नाव फार थोड्यांना माहीत होतं, पण चेहरा सगळ्यांना. नाशिकच्या भाजीबाजारात बायका मला बघून वाट द्यायच्या. सिटी बसमध्ये गर्दी असली तरी माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची.

पण त्या गमती सांगायला मी बसलेलो नाही. एका मुलीने तिच्या वडिलांना खोटारडं मानलं, आणि ते माझ्यामुळे. तिचे वडील खरं बोलत होते. ते खरं आहे हे सांगू शकणारा माणूस मीच होतो आणि मी सांगितलं नाही. बाकी सगळं जे पुढे येईल ते एवढ्यासाठीच आहे.

तो, म्हणजे तिचे वडील, मला पंचवटीतल्या तालमीत भेटला. नाशिकरोडला बौद्धवस्तीत राहायचा, कारखान्यात हेल्पर होता आणि पाळी संपली की एवढं अंतर सायकल मारत तालमीत यायचा. आम्ही दोघं एकाच वयाचे आणि एकाच बांध्याचे. वस्ताद मागून हाक मारताना आमच्यात नेहमी गफलत करायचे. समोरून मात्र कुणाची चूक होण्यासारखी नव्हती. कुस्तीत मोडलेलं माझं नाक, जाड भुवया, खर्जातला आवाज. मी नुसतं "किती वाजले" विचारलं तरी धमकी दिल्यासारखं वाटे. त्याचा चेहरा गोल, डोळे हसरे. रागावला तरी त्याचे गाल हसत असायचे.

गोदेला पाणी चढलं की तो पुलाच्या कठड्यावर उभा राहायचा. हात पसरायचा, एकदा मागे वळून माझ्याकडे बघायचा आणि खाली जायचा. मी त्याचे कपडे धरून पुलाच्या मध्यावर, कठड्यापासून चांगला लांब उभा असे. आजही डोळे मिटले की मला तो पडताना दिसतो, पण पाण्यात पोहोचत नाही. तपकिरी पाणी खाली वाहत राहतं आणि तो वर तरंगत असल्यासारखा हळूहळू उतरत राहतो.

मला उंचीची भीती होती. साधीसुधी नव्हे. लहानपणी आईने मिरच्या वाळत घालायला गोठ्याच्या छपरावर पाठवलं होतं, तर तिथेच चिकटून बसलो. दोन माणसांनी उतरवलं. मोठेपणीही स्टुलावर चढून बल्ब बदलता येत नसे. हे घरच्यांशिवाय एका त्यालाच माहीत होतं, आणि त्याने कधी चारचौघांत चेष्टा केली नाही. दोघंच असलो की करायचा. "गड्या, तू गादीवरून खाली उतरताना डोळे मिटतो का रे?"

नाशिकला एका डाकूपटाचं शूटिंग आलं तेव्हा टोळीसाठी तगडी माणसं हवी होती. फाइट मास्टर तालमीत आले. मला बघताक्षणी त्यांनी बाजूला काढलं. त्याच्याकडे बघून हसले. "तू तो मिठाई बाँटनेवाला लगता है रे." मग त्याला फिरवून पाठ बघितली, माझी पाठ बघितली आणि दोघांना एकाच कापडाचे शर्ट शिवायला सांगितले. त्या दिवशी आमच्या दोघांच्या आयुष्याची वाटणी झाली. चेहरा माझा, पाठ त्याची.

डुप्लिकेटचं काम कसं चालतं ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. घोड्यावरून, जिन्यावरून, गच्चीवरून पडायचं असलं की माझे कपडे घालून तो पडायचा. पडला की हलायचं नाही. ज्या स्थितीत पडला त्याच स्थितीत तसाच राहायचा. मग मी जाऊन त्याच्याजवळ उकिडवा बसायचो आणि बघून घ्यायचो, मान कुठल्या बाजूला, तळहात वर की खाली, गुडघा किती वाकलाय. सहायक खडूने नाहीतर काडीने जमिनीवर खुणा करायचा. सगळं नीट बघून झालं की मी त्याच्या खांद्यावर तीनदा थोपटायचो. मगच तो उठायचा, आणि मी त्याच्या जागी तसाच्या तसा आडवा व्हायचो. कॅमेरा जवळ यायचा. पडद्यावर तुम्हाला वाटायचं, एकच माणूस वरून पडला आणि हा बघा त्याचा चेहरा.

थोपटल्याशिवाय हलायचं नाही, याचा त्याला मोठा अभिमान होता. एकदा त्याच्या मानेवर मुंगळा चढला होता तरी हलला नाही. आणि दुसरा नियम, मास्टरनी पहिल्याच दिवशी दोघांकडून शब्द घेतला होता: कोण पडलं हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. पडद्यावरचा माणूस खरा वाटला पाहिजे.

त्याच्या जागी आडवं होण्यात एक विचित्र सुख होतं. जमीन त्याच्या अंगाने गरम झालेली असायची. त्याच्या घामाचा ओलावा मातीला लागलेला असायचा. मी त्यात आडवा व्हायचो आणि वाटायचं, एवढ्या उंचावरून मीच खाली आलो, आणि काही झालं नाही.

तो दिवस त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीतला. सिनेमाचा शेवट होता. नायकाचा ठोसा खाऊन मी खाणीच्या काठावरून खाली पडायचं. तीनेक पुरुष उंची. एरवी खाली रिकामी खोकी आणि वर गाद्या रचतात, पण कॅमेरा खालीच लावला होता, जमीन दिसणार होती. म्हणून मुरमावर माती टाकून ती कुदळीने भुसभुशीत केली होती आणि वरून गवत पसरलं होतं. जेमतेम खाटेएवढी जागा.

तो काठावर उभा राहिला. मी कॅमेऱ्याच्या बाजूला. थंडीचे दिवस होते, उन्हं उतरत आली होती आणि खाणीच्या भिंती मधासारख्या दिसत होत्या. वर त्याची सावली एवढी लांब पडली होती की तो स्वतःच लहान वाटत होता. ठोसा बसला, तो मागे झुकला आणि आला. बरोबर मातीत. दिग्दर्शक ओरडला, "ओके!" टाळ्या पडल्या. मी थोपटलं, तो उठला आणि मास्टरनी त्याच्या पाठीवरची माती झटकली.

आणि मी म्हणालो, "मास्टर, त्याचा चेहरा दिसला."

"पक्का?"

"पक्का."

आज सांगतो, मला पक्कं माहीत नव्हतं. पडताना क्षणभर त्याचं हसू दिसल्यासारखं वाटलं, एवढंच. कदाचित दिसलंही नसेल. पण हा माझा तोवरचा सगळ्यात मोठा सीन होता, आणि त्यात एका निमिषापुरताही दुसऱ्या कुणाचा चेहरा मला नको होता.

"परत मारतो की," तो म्हणाला. "त्यात काय."

एकदा माणूस पडला की माती दबते. ती पुन्हा उकरायची असते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं; त्यालाही, मलाही. पण उन्हं चालली होती, कॅमेरामन आकाशाकडे बघून हात उडवत होता. कुणीतरी घाईने वरून गवत सारखं केलं. माती कुणी उकरली नाही. तो काठावर गेला, झुकला आणि पडला.

मी जवळ जाऊन उकिडवा बसलो. त्याचा डावा पाय मांडीपासून असा बाहेर वळला होता की तसा पाय मी कधी पाहिला नव्हता. टाच पुढे, बोटं मागे. तो डोळे मिटून होता. वरच्या ओठावर घाम होता. मला वाटलं, काय जागा घेतलीय पठ्ठ्याने! "पाय काय टाकलायस गड्या," मी त्याच्या कानात म्हणालो. "जिवंत माणसाचा वाटतच नाही." सहायकाला बोलावून मी तो पाय दाखवला. मास्टरही वाकून बघून गेले. "वा! देखो, इसको बोलते हैं गिरना." सहायकाने काडीने पायाभोवती खुणा केल्या. दोन मिनिटं गेली असतील, तीन गेली असतील. तो हलला नाही, कारण मी थोपटलं नव्हतं.

मग मी तीनदा थोपटलं.

"थांब जरा," तो हळूच म्हणाला. डोळे उघडले नाहीत. "पाय येत नाय बरोबर."

पुढचं मला स्वप्नासारखं आठवतं, आणि स्वप्नात जसं आपल्याला चुकीचं काय ते दिसत असूनही आपण चालतच राहतो तसं. चार जणांनी त्याला एका फळीवर घेऊन बाजूला ठेवलं. दिग्दर्शक ओरडत होता, "लाइट जा रही है!" कुणीतरी म्हणालं, गाडी आणतोय, पाच मिनिटं लागतील. आणि मी, त्या पाच मिनिटांत, त्याच्या जागी आडवा झालो. माती गरम होती. खुणांमध्ये मी माझा डावा पाय ठेवला आणि जमेल तेवढा बाहेर वळवला. डोळे मिटले. केशरी उजेड आला. कॅमेऱ्याची घरघर जवळ आली. आणि तिच्या पलीकडे, दहा-बारा हातांवर, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. दातांमधून आत ओढलेला, मग थांबलेला, मग पुन्हा ओढलेला. तो ओरडत नव्हता. शॉट चालू आहे हे त्याला कळत होतं.

"कट" म्हणेपर्यंत मी हललो नाही.

मांडीचं हाड मोडलं होतं. जुळलं, पण पाय आखूड झाला. फायटरचं काम संपलं आणि कारखान्यातलंही. नाशिकरोडला चिंचेच्या झाडाखाली त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती.

सिनेमा चालला. लोक माझ्या मरणाला शिट्ट्या मारायचे. एका वर्तमानपत्राने त्या वळलेल्या पायाबद्दल लिहिलं, की खलनायकाच्या मरणातसुद्धा इतकी जाण क्वचित दिसते. देवळाली कॅम्पच्या बाजारात एका जवानाने मला थांबवून विचारलं, "वो टाँग कैसे किया साहब?" मी त्याला तिथेच रस्त्यावर पाय वळवून दाखवला. मला आणखी कामं मिळाली. उंचावरून स्वतः उड्या मारणारा म्हणून माझी ख्याती झाली. दुसरे डुप्लिकेट आले. त्यांनाही तोच नियम होता. मुलाखतीत विचारलं की मी खांदे उडवायचो. लोकांना वाटायचं विनय आहे.

मधल्या काळात मला एक स्वप्न पडायचं. मी पुलाच्या कठड्यावर उभा आहे, भीती वाटत नाही. खाली पाण्याऐवजी झेंडू आहे, काठापासून काठापर्यंत. मी झुकतो. आणि कुणीतरी माझ्या पाठीमागून पडतं.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. टीव्हीवर मी जेलरचं काम करत होतो आणि संध्याकाळी ती मालिका लागली की वस्त्यांमधून एकाच आवाजात माझं खर्जातलं बोलणं ऐकू यायचं. त्या वर्षी नाशिकरोडच्या एका शाळेने मला स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून बोलावलं. भाषण झालं आणि मुख्याध्यापक म्हणाले, मुलांनो, पाहुण्यांना काही विचारायचं असेल तर विचारा.

मधल्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, बारा-तेरा वर्षांची. तिचे गाल बघूनच मी ओळखलं.

"काका, त्या सिनेमातली खाणीतली उडी तुम्हीच मारली होती का?"

तिच्या मागून हशा पिकला. "बस खाली, उडीवाली!" एक मुलगा ओरडला. दुसरा म्हणाला, "तिचे पप्पा पंक्चर काढता काढता उड्या मारतात, सर!" मुख्याध्यापकांनी टेबल वाजवलं. ती बसली नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. मला समजलं की तिने वर्गात सांगितलं आहे, मुलं तिला छळताहेत, आणि आज ती सगळ्यांसमोर माझ्या तोंडून ऐकायला उभी आहे. तिला खात्री होती की मी नाही म्हणेन.

मी भुवया चढवल्या. पडद्यावरच्या आवाजात म्हणालो, "कोण म्हणतो दुसऱ्याने मारली? आणा त्याला माझ्यासमोर!"

सगळं मैदान हसलं. टाळ्या थांबेनात. मुलं ओरडू लागली, "पाय! पाय दाखवा!" आणि मी स्टेजवरच्या सतरंजीवर आडवा झालो आणि तो पाय वळवून दाखवला. उठलो तेव्हा ती खाली बसली होती. वेण्या दिसत होत्या, चेहरा नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानावर गेलो. तो चाकाचे आरे आवळत होता. मला बघून त्याने फडक्याने स्टूल पुसलं. "या जेलरसाहेब. बस भो."

मी बसलो.  मग तोच बोलला.

"पोरगी काल घरी आली, दप्तर ठेवलं. म्हणे, पप्पा, तुम्ही मला असं का सांगितलं?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? मास्टरला शब्द दिलेला. तिला सांगितलं तीच चूक माझी. लहान असताना पायाचं सारखं विचारायची, एकदा सांगून बसलो." त्याने चाक फिरवलं, वाकडं कुठे जातंय बघितलं, पुन्हा आरा आवळला. "तू बरोबरच बोलला. धंद्याचा नियम हाय."

"तसं नाही रे."

"तसंच हाय. लोकांना नको सांगू. तुझं चांगलं चाललंय, चालू दे." मग पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं. "पण तिला एकटीला एकदा सांग. मी तिच्याशी आजपर्यंत एक शब्द खोटा बोललो नाय. तेवढं तिला कळू दे. मी सांगून आता उपयोग नाय ना, म्हणून तुला म्हणतो."

"सांगतो," मी म्हणालो. "याच आठवड्यात."

मी सांगितलं नाही. आधी शूटिंग होतं. मग परीक्षा होत्या तिच्या. मग वाटलं, मुलगी आहे, मैत्रिणींना सांगेल, मैत्रिणी घरी सांगतील, आणि ज्याला गावात वाट देतात तो माणूस शिडीवर चढू शकत नाही हे बाजारभर होईल. एकदा ती बसस्टँडवर भेटली. कॉलेजला जाऊ लागली होती. नमस्कार केला, अगदी नीट. मी विचारलं, काय शिकतेस? ती म्हणाली, डी.एड.ला जायचंय. मी म्हणालो, छान. बस आली.

त्याने पुन्हा कधीच विचारलं नाही. मी दुकानावर गेलो की तो एकदा माझ्याकडे बघायचा, फक्त एकदा, मग चहा मागवायचा आणि सध्या कुठलं शूटिंग म्हणून विचारायचा. त्या एका बघण्यामुळे माझं तिकडे जाणं कमी होत गेलं.

दशक संपता संपता तो गेला. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत आटोपलं. मी मालेगावला एका दुकानाच्या उद्घाटनाला गेलो होतो, दुसऱ्या दिवशी कळलं. पुण्यानुमोदनाला गेलो. विहारात पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, अगरबत्तीचा धूर, भंतेजींचा एकसुरी आवाज. धुरात सगळे चेहरे लांब गेल्यासारखे दिसत होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. ती पहिल्याच रांगेत आईशेजारी बसली होती. मी म्हणालो, तो माझा जिवाभावाचा मित्र होता, फार साधा माणूस होता. बसलो. माझ्या खर्जातल्या आवाजाने काही बायकांना रडू फुटलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी हे विसरल्यासारखं वागलो. काम कमी झालं, मिशी पांढरी झाली, मळा गेला, मी इंदिरानगरला मुलाकडे राहायला आलो. तळमजल्यावर, मुलाला कारण माहीत आहे. मागच्या वर्षी एक तरुण पत्रकार आला. नाशिकच्या जुन्या कलावंतांवर लिहीत होता. म्हणाला, आजोबा, त्या उडीपासून सुरुवात करू. मी सवयीने तोंड उघडलं. "त्या दिवशी मी काठावर उभा राहिलो," एवढं बोललो आणि पुढे बोलता येईना. काठावरून खाली काय दिसतं तेच मला माहीत नव्हतं. त्याला पाणी देऊन परत पाठवलं.

पंधरा दिवसांनी मी नाशिकरोडला गेलो. त्याची मुलगी आता शाळेत शिक्षिका आहे आणि आईला घेऊन त्याच वस्तीत राहते. दाराला दोन झडपा, एक लावलेली, एक उघडी. दुपारची वेळ, गल्लीत पापड वाळत घातलेले. तिने मला ओळखलं. बसा म्हणाली. मी बसलो आणि सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलंय तसं. दुसऱ्या टेकबद्दल सांगितलं. उकरायची राहिलेली माती सांगितली. खांद्यावर थोपटायला मी किती वेळ लावला ते सांगितलं.

 संपल्यावर ती म्हणाली, "त्या दिवसानंतर मी पप्पांना सिनेमाचं कधी विचारलं नाही. ते काही सांगायला लागले तर मी उठून आत जायचे." बराच वेळ ती बोटातली अंगठी फिरवत राहिली. "तुम्हाला सांगून बरं वाटलं असेल, काका. मी आता कुणाला सांगू?"

 माफी मागितली तर तिने नुसतं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "आईला सांगा."

आई आत खाटेवर बसली होती. ऐकायला फार कमी येतं. मी जवळ जाऊन म्हणालो, "वहिनी, ती खाणीतली उडी माझी नव्हती."

"काय?"

"ती उडी माझी नव्हती!"

"कुणाची गाडी?"

मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत वापरला नव्हता तो आवाज छातीतून वर आला. "वहिनी, ती उडी मी मारली नाही! तुमच्या मालकांनी मारली! मी शाळेत खोटं बोललो! ते खरं बोलत होते!"

गल्लीत कुठेतरी भांडं आपटायचं थांबलं. एक बाई पिठाचे हात घेऊन दारात आली. तिच्या मागे आणखी दोघी, मग एक म्हातारा.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. "मला माहीत हाय की," त्या म्हणाल्या. "त्या रातीला मीच होते ना दवाखान्यात. पोरीला सांगितलं बी, तिला वाटलं मी त्यांचीच बाजू घेते. पण भाऊजी, तुम्ही तवाच का नाय बोलला?"

दारातली माणसं बघत होती. मी म्हणालो, "मला उंचावर चढायची भीती वाटते, वहिनी. ते लोकांना कळलं असतं."

"एवढंच?"

"एवढंच."

 दारात कुणीतरी कुजबुजलं, जेलर, जेलर. मुलगी उठली आणि दाराकडे गेली. मला वाटलं, ती दार लावून घेणार. तिने कडी काढली आणि लावलेली दुसरी झडपही उघडली.

"आत या सगळे," ती बाहेरच्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काका, पहिल्यापासून सांगा. पप्पा काठावर उभे राहिले, तिथपासून."